शके १९४५, दोन ठिकाणी

मागच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमानंतर पोह्यांच्या रांगेत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने मला गाठलं. म्हणाला, "दादा, तुम्ही बालीला राहून काम केलंत ना? आईला जरा सांगा, की तसं करता येतं." आई मागेच उभी होती. ती म्हणाली, "करता येतं हे मला माहीत आहे रे. परत का आले, ते विचार त्यांना." हातात प्लेट घेऊन दोघांना एकाच वेळी उत्तर देणं काही जमलं नाही. म्हणून या वेळचा लेख त्याच विषयावर.

तेव्हा मी नेदरलँड्समधल्या एका कंपनीसाठी कंत्राटावर काम करत होतो. सर्व्हर त्यांचे, कोड त्यांचा, लॅपटॉप माझा. आमच्या लोकमान्य नगरच्या घरातून, आईच्या कुकरच्या शिट्ट्या म्यूट करत दोन वर्षं काढली होती. एके दिवशी सहज मॅनेजरला विचारलं, की मी दुसऱ्या देशात बसून काम केलं तर चालेल का. त्याने एवढंच विचारलं, की मीटिंगला वेळेवर येशील ना. झालं. जानेवारी २०२३ मध्ये इंदूर-मुंबई-सिंगापूर करत मी देनपसारला उतरलो.

त्या वेळी मिळायचा तो ६० दिवसांचा भेटीचा व्हिसा, जो पुढे वाढवता येत असे. दूरून नोकरी करणाऱ्यांसाठी इंडोनेशियाचा वेगळा व्हिसा तेव्हा नव्हता. आम्ही तिथे जमलेले बहुतेकजण नियमांच्या फटीत राहत होतो आणि त्याबद्दल कुणी फार बोलत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण फोटोंमध्ये हा भाग दिसत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरचं चांगू आठवड्यातच नकोसं झालं. अरुंद रस्ते, स्कूटरींची कोंडी आणि कॅफेत प्रत्येक टेबलावर एक लॅपटॉप. मग आत डोंगराच्या बाजूला, उबुदजवळच्या एका खेड्यात खोली घेतली. बालीतलं घर म्हणजे एक मोठं आवार. त्यात कुटुंबाचं देऊळ, वेगवेगळ्या छोट्या इमारती, मधे अंगण. त्यातली एक इमारत भाड्याने दिलेली. घरमालकिणीला सगळे 'इबू' म्हणत, म्हणजे आई. भाडं महिन्याला ५० लाख. दचकू नका, रुपिया. आपल्या एका रुपयाला तेव्हा साधारण १८५ रुपिया मिळत, म्हणजे २७ हजार रुपये झाले. मी पहिल्याच दिवशी बाबांना फोनवर "बाबा, मी कोट्यधीश झालो" असं सांगून टाकलं होतं.

बाली आपल्या अडीच तास पुढे आहे आणि हिवाळ्यात ॲम्स्टरडॅमच्या सात तास पुढे. त्यामुळे माझी शिफ्ट दुपारी चारला सुरू होऊन मध्यरात्री संपायची. सकाळ संपूर्ण माझी. सहाला उठून भातखाचरांच्या बांधावरून चालायला जायचं, येताना एखाद्या वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत, भात, टेंपे आणि भाज्या खायच्या. २५ हजार रुपिया, आपले १३५ रुपये. दुपारी थोडं वाचन, मग काम. इंटरनेट माझ्या इंदूरच्या कनेक्शनइतकंच चांगलं होतं. खरं सांगतो, त्या सकाळींसारख्या सकाळी मला त्याआधी शाळेच्या सुट्टीतच मिळाल्या होत्या.

त्रास होता, पण सोसण्याजोगा. नोव्हेंबर ते मार्च तिथे पावसाळा. चामड्याच्या पट्ट्याला आठवड्यात बुरशी आली, लॅपटॉपच्या पिशवीतून मुंग्या निघाल्या. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं, की तिथल्या सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या ठेच्यात, बऱ्याचदा 'तेरासी' असते. ती कोळंबीपासून करतात. दहा दिवस मिटक्या मारत खाल्ल्यावर मला हे कळलं. आईला अजून सांगितलेलं नाही. हा लेख ती वाचेलच.

भाषेची मात्र मजा वाटायची. 'बहासा' म्हणजे भाषा हे सगळ्यांना माहीत असतं. पण 'इस्त्री' म्हणजे बायको, 'सुआमी' म्हणजे नवरा, 'दोसा' म्हणजे पाप. आणि 'चिंता' म्हणजे प्रेम. पहिल्यांदा एका दुकानाच्या पाटीवर तो शब्द लाल बदामासोबत पाहिला तेव्हा फोटो काढून घरी पाठवला. आईचं उत्तर आलं, "बरोबरच आहे त्यांचं."

आता जरा न आवडणाऱ्या गोष्टीकडे येतो.

इबू रोज सकाळी नारळाच्या पानांच्या छोट्या चौकोनी द्रोणात फुलं, थोडा भात आणि उदबत्ती ठेवून आवारात जागोजागी ठेवायची. देवळात, दारात, पायऱ्यांवर, माझ्या स्कूटरपाशीही. त्याला 'चानांग सारी' म्हणतात. एकदा मीटिंगला उशीर होत होता म्हणून मी दारातला द्रोण ओलांडून, खरं तर त्याला पाय लावून, आत पळालो. रात्री बाहेर आलो तर तिथे नवा द्रोण ठेवलेला. इबू एक शब्दही बोलली नाही. आपल्याकडे कुणी तुळशीवृंदावनाला पाय लावून गेलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, असा विचार मनात आला आणि मग तो मी झटकूनही टाकला.

दुसरी गोष्ट 'बंजार'ची. बंजार म्हणजे वाडीतल्या कुटुंबांची पंचायत. लग्न झालं की माणूस तिचा सभासद होतो आणि मग सुटका नसते. गावात कुणाकडे लग्न असो, अंत्यसंस्कार असो, देवळाचा उत्सव असो, कामाला हजर राहायचं. लाकडी घंटा, 'कुलकुल', वाजली की हातातलं काम टाकून जायचं. भाताच्या पाण्यासाठी 'सुबाक' नावाची वेगळी मंडळी. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं हे शेतकरी पाण्याच्या देवळाशी बांधलेल्या या संघटनेतून एकत्र ठरवतात. शेकडो वर्षं चालत आलेल्या या व्यवस्थेला युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरवलं. मी रोज सकाळी ज्या बांधांवरून फिरत होतो, ते या हजार बारीकसारीक जबाबदाऱ्यांवर उभे होते. माझ्या वाट्याला त्यातली एकही नव्हती. इबूचा मुलगा पर्यटकांची गाडी चालवायचा. त्याने एकदा हसत सांगितलं, "तुम्हाला बाली आवडतं कारण तुम्हाला बंजार नाही."

त्या वर्षी बालीतलं किमान मासिक वेतन साधारण २७ लाख रुपिया होतं. माझ्या एका खोलीचं भाडं त्याच्या जवळजवळ दुप्पट. परदेशी माणसाला तिथे जमिनीची पूर्ण मालकी घेता येत नाही, पण लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेता येते. मग भाताच्या खाचरात व्हिला उभे राहतात. मी व्हिला बांधला नव्हता, पण ज्या गर्दीसाठी ते बांधले जात होते तिच्यात मीही होतोच.

आणि मग मार्च आला.

बालीचं नवं वर्ष म्हणजे 'न्येपी'. त्यांचं पंचांग शकाचं, आपण मानतो तेच शक. २०२३ मध्ये योग असा, की न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी आले, २२ मार्चला. दोन्हीकडे शके १९४५ सुरू झालं. दर वर्षी असं होत नाही. पुढच्याच वर्षी न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. साजरं करण्याची तऱ्हा मात्र अगदी उलटी. आदल्या संध्याकाळी 'ओगोह-ओगोह' नावाच्या राक्षसांच्या प्रचंड मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. ती पाहताना मला आपल्या रंगपंचमीच्या गेरची आठवण झाली, फक्त रंगाशिवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास सगळं बेट गप्प. दिवे लावायचे नाहीत, काम करायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही, करमणूक नाही. विमानतळही चोवीस तास बंद. रस्त्यावर फक्त काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले 'पेचालांग', गावचे राखणदार. पर्यटकालाही सूट नाही. २०१८ पासून त्या दिवशी मोबाइल डेटाही बंद ठेवतात.

मी मोठ्या उत्साहाने तयारी केली. कंपनीत रजा टाकली. घरी लिहिलं, "उद्या दिवसभर नेट नाही, काळजी करू नका, गुढीचा फोटो पाठवून ठेवा, परवा सकाळी बघतो." इबूने रात्री मुख्य बटणच बंद केलं, त्यामुळे वायफायही गेलं.

तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी श्रीखंड नव्हतं की कडुलिंब नव्हता, पण पक्ष्यांचे आवाज इतके स्पष्ट, की प्रत्येकाचा वेगळा कळावा. रात्री आठ-साडेआठला अंगणात चटईवर आडवा झालो. संपूर्ण बेटावर दिवा नाही. पावसाळ्याच्या शेवटी आकाश मोकळं झालेलं. इतके तारे मी आधी पाहिले नव्हते. मनात आलं, हेच खरं जगणं. वर्षभराचा व्हिसा मिळाला तर वर्षभर राहू.

त्याच वेळी इंदुरात संध्याकाळचे सहा वाजत होते. बाबा गच्चीत स्टुलावर चढून गुढी उतरवत होते.

गुढी बांधणं आणि उतरवणं हे मी दहावीत असल्यापासून माझं काम. बाबांची उंची कमी पडते आणि ते तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. पण मी नव्हतो, ताई पुण्याला, आणि सूर्यास्ताच्या आत गुढी उतरवायलाच हवी.

सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी फोन जिवंत झाला. आधी आला गुढीचा फोटो. हिरवं जरीचं वस्त्र, साखरेच्या गाठी, थोडी डावीकडे झुकलेली काठी. मी हसलो. त्याच्याखाली आईचे मिस्ड कॉल सुरू झाले. मग ताईचे. मग समोरच्या घरातल्या अंकलचे, ज्यांनी मला आजवर कधीच फोन केला नव्हता. एकूण ३७. मधे ताईचे निरोप, क्रमाने. बाबा पडले. उठता येत नाहीये. हॉस्पिटलमध्ये नेलंय. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल. मी ट्रॅव्हल्सच्या बसने निघतेय. आणि शेवटचा पहाटेचा, "तू आहेस कुठे?"

त्या वेळी ज्याची सर्वांत जास्त लाज वाटली ते सांगतो. न्येपीला बंद असतो तो मोबाइल डेटा. साधा फोन चालू असतो. पण माझा तिथला नंबर मी घरी कुणालाच दिला नव्हता. व्हॉट्सॲप भारतातल्या नंबरवर चालू होतं ना, मग गरज काय, असं वाटलं होतं. त्या सिमला रोमिंगही घेतलं नव्हतं. इबूचा नंबरही घरी दिला नव्हता. रोजच्या रोज क्लायंटच्या सिस्टिमला पर्यायी रस्ता ठेवणारा मी, स्वतःच्या आईवडिलांसाठी एकच धागा ठेवून गेलो होतो.

मी अंगणात उभा होतो. इबूने माझा चेहरा पाहिला आणि विचारलं. माझ्या मोडक्या बहासात सांगितलं, 'बापाक' पडले. न्येपीनंतरचा दिवस हा तिथे एकमेकांकडे जाऊन झाल्या-गेल्याची क्षमा मागण्याचा. सगळं घर आवरून बाहेर पडायच्या बेतात होतं. पण तिने मुलाला हाक मारली आणि वीस मिनिटांत आम्ही विमानतळाच्या रस्त्याला लागलो. दीड तासाचा रस्ता. मी पैसे पुढे केले, त्याने घेतले नाहीत. म्हणाला, "आज नाही." पिशवीत इबूने केळीच्या पानात बांधलेला भात होता. तिच्या द्रोणाला पाय लावल्याची माफी मागायला तो दिवस योग्य होता. मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूरला पोहोचलो तोवर ऑपरेशन झालं होतं. समोरच्या अंकलनी बाबांना गाडीत घातलं होतं, रात्रभर ते तिथेच थांबले होते. मंडळातली दोन मुलं रक्त देऊन गेली होती. त्यांना कुणी फोन केला हे आजही नक्की कुणाला माहीत नाही. आईला डबा शेजारच्या भाभी देत होत्या, आणि ताई बसमधून उतरून थेट हॉस्पिटलमध्ये आली होती. मी सोडून सगळे होते. बाबांनी भुलीतून डोळे उघडल्यावर मला पाहिलं आणि विचारलं, "काठी नीट आत ठेवली का रे?"

पुढचे तीन महिने वॉकर, फिजिओथेरपी, आणि रात्री मीटिंग. तेव्हा विचार करायला वेळ मिळाला. आमचे खापरपणजोबा वाईहून होळकरांच्या दफ्तरात कारकून म्हणून आले होते. तेही एका अर्थी कामासाठी परमुलखात आलेलेच. घरी पत्र पोचायला आठवडे लागत असतील. पण ते आले तसे इथल्या लोकांच्या लग्नात वाढायला उभे राहिले, अंत्ययात्रेत खांदा द्यायला गेले, आणि हळूहळू इथले झाले. बाबा पंचवीस वर्षं कॉलनीचे हिशेब फुकट लिहितात. लहानपणी मला ते वेळ घालवणं वाटायचं. समोरचे अंकल रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसले त्यामागे ते हिशेब आहेत, सराफ्यातल्या एकत्र खाल्लेल्या जिलब्या आहेत, चाळीस वर्षांची ये-जा आहे. आमचंही एक बंजारच आहे, आणि मी त्यातला न येणारा सभासद होतो.

म्हणजे जाऊ नका, असं मी म्हणतोय का? नाही. पुढच्याच वर्षी मी पुन्हा गेलो, सहा आठवड्यांसाठी, कामाला पूर्ण सुट्टी घेऊन, साधा पर्यटक म्हणून. इबूला इंदुरी शेव नेली आणि त्या द्रोणाची माफी मागितली. तिला ते आठवतही नव्हतं, किंवा तसं तिने दाखवलं.

आता त्या मुलासाठी कामाच्या गोष्टी. इंडोनेशियाने २०२४ मध्ये दूरून काम करणाऱ्यांसाठी ई-३३-जी हा वर्षभराचा व्हिसा सुरू केला. त्यासाठी इंडोनेशियाबाहेरच्या कंपनीशी करार आणि वर्षाला ६० हजार डॉलर उत्पन्नाचा पुरावा लागतो. उत्पन्न तेवढं नसेल तर चोरवाट शोधू नकोस, आधी आपल्याच देशात कुठे महिनाभर राहून बघ, की एकट्याने जमतं का. कंपनीची परवानगी तोंडी नको, लेखी घे. १८२ दिवसांचा हिशेब ठेव, कारण भारतात कर कसा भरायचा हे त्यावर बरंचसं ठरतं, आणि एखाद्या सीएला जाण्याआधी विचार, आल्यानंतर नाही. स्कूटर चालवणार असशील तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ, त्यात दुचाकी आहे ना ते पाहा, नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते. परतीच्या तातडीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेव. तिथला नंबर, घरमालकाचा नंबर आणि पत्ता घरी फ्रिजवर चिकटवून जा. आणि तू घरी जी कामं करतोस, अगदी गॅसचा सिलिंडर बदलण्यापासून, त्यांची यादी कर, आणि प्रत्येक कामापुढे तू नसताना ते कोण करणार त्याचं नाव लिही. मी तशी यादी केली असती तर 'गुढी' या शब्दापुढची जागा रिकामी राहिलेली मला दिसली असती.

आणि त्याच्या आईसाठी: काकू, परत का आलो, तर बाबा पडले म्हणून. परत आल्यावर का थांबलो, तर मी इथे कुणाच्या उपयोगी पडतो म्हणून. पण त्याला एकदा जाऊ द्या. तीन महिने जाऊ द्या. त्या तारांगणाखाली मीही झोपलोय, आणि ते खोटं नव्हतं.

यंदाच्या पाडव्याला गुढी मीच बांधली. बाबा खाली खुर्चीत बसून सूचना देत होते, काठी डावीकडे झुकतेय, अजून जरा, अजून जरा. संध्याकाळी उतरवताना समोरचे अंकल स्टूल धरायला आले.